सातबारा आणि पडदा

आवडत्या चित्रपटांची नावे कोणी विचारली की मी जी सांगतो ती एका पंगतीत बसणारी नसतात. प्रभातचे 'संत तुकाराम' आणि 'कुंकू', त्यांच्याच शेजारी 'अशी ही बनवाबनवी'. पुढे 'सामना', 'जैत रे जैत', 'उंबरठा', 'फँड्री', 'सैराट' आणि आमच्या तालुक्याचे नाव मिरवणारा 'मुळशी पॅटर्न'. भक्तिपट, सामाजिक पट, विनोदपट, राजकीय पट, संगीतपट, प्रेमकथा, गुन्हेगारीपट असे सगळेच प्रकार त्यात येतात. ऐकणारा हसून म्हणतो, ही आवड आहे की खिचडी? खिचडी आहे हे खरे. पण तिच्यात एक समान जिन्नस आहे आणि तो दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी मुळशी तालुक्यात राहतो. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण मला नाही. जत्रेतला तंबू, पुण्यातली एकपडदा चित्रगृहे, विधी महाविद्यालय रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि हाताला लागतील ती पुस्तके एवढीच माझी शाळा. मात्र दुसरी एक वाचनविद्या या तालुक्यात जन्मणाऱ्या प्रत्येकाला नकळत येते. ती म्हणजे जमिनीचे कागद वाचण्याची. साठेखत, विसार, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र हे शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवर ऐकू येतात. माझे म्हणणे असे की या दोन वाचनविद्या एकमेकींना उपयोगी पडतात. मराठी चित्रपट कोणत्याही प्रकारातला असो, त्यात एक जागा असते, आणि त्या जागेवर कोणाचे नाव लागले आहे हा प्रश्न असतो. चित्रपट किती खोल गेला हे पुष्कळदा ज्यांचे नाव कागदावर नाही त्यांच्याकडे तो किती वेळ पाहतो यावर ठरते.

कागदाची रचना

शहरातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा. सातबारा हा दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : जमीन कोणाच्या नावे, क्षेत्र किती, आकार किती. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. सातमध्ये भोगवटादाराच्या नावाखेरीज 'इतर अधिकार' असा रकाना असतो. कूळ, कर्जाचा बोजा यांसारख्या नोंदी तिथे येतात. खरेदी, वारसा, वाटणी यांमुळे हक्क बदलला की फेरफाराची नोंद होते.

जमिनीभोवती फिरणारा चित्रपट हा एका फेरफाराची गोष्ट असतो. एक नाव कमी होते, दुसरे चढते आणि मधल्या दोन-अडीच तासांत आपण कमी झालेल्या नावामागे फिरतो. पण कमी व्हायलाही आधी नाव असावे लागते. ज्याचे नाव कधी चढलेच नाही त्याचा फेरफार कसा होणार, आणि गोष्ट तरी कशी होणार?

एक फेरफार, तीन वेळा

१९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. मुळा-निळा संगमाजवळ टाटांचे धरण होणार होते आणि त्याच्या पाण्यावरची वीज मुंबईला जाणार होती. सेनापती बापट, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे ही नावे इतिहासात आली. बापटांना 'सेनापती' ही पदवीच या लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा संपला आणि खोरे पाण्याखाली गेले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यात एक अवघड गोष्ट पुढे येते : खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी सावकारांकडे होत्या. त्यांना मोबदल्याची रक्कम चालणार होती. कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. म्हणजे कागदावरचे नाव एकाचे आणि बुडणारे घर दुसऱ्याचे.

लढा संपला त्याच्या पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मूकपट केला. कथा हरिभाऊ आपट्यांची, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीमजूर होतो. तो काळ पौराणिक पटांचा. देव आणि चमत्कार यांनी पडदा भरलेला असताना पेंटरांनी कर्जाचा कागद नाट्याच्या केंद्रस्थानी आणला. १९३६ मध्ये त्यांनी तीच कथा बोलपटात पुन्हा केली. मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही, पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणींत झोपडी आणि भुंकणारे कुत्रे हे दृश्य कायम राहिले. मला मात्र त्याच्या शेवटाचे विशेष वाटते. हा शेतकरी ज्या गिरण्यांकडे जातो तशाच मुंबईच्या गिरण्यांसाठी आमच्या खोऱ्यातले पाणी वीज व्हायला निघाले होते. शेतकरी आणि नदी, दोघांचीही रवानगी एकाच ठिकाणी.

१९५३ मध्ये बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. बलराज साहनींचा शंभू जमीन सोडवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. परत येतो तेव्हा तिथे कारखाना उभा राहात असतो. कुंपणापाशी वाकून तो मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी ती टाकून द्यायला लावतो.

आणि २०१८ मध्ये आला 'मुळशी पॅटर्न'. दिग्दर्शक प्रवीण तरडे मुळशीचेच. इथे जमीन सरकारने घेतलेली नाही, सावकाराने गिळलेली नाही. सखाने ती स्वतः विकली आहे. पैसा आला, उधळला गेला. मोहन जोशींचा सखा आता आपल्याच विकलेल्या जमिनीवर पहारेकरी आहे. 'दो बिघा जमीन'मध्ये कुंपणाच्या आत पहारेकरी आणि बाहेर शेतकरी असे दोघे होते. पासष्ट वर्षांनी ते दोघे एकच झाले. या एका कल्पनेसाठी मी हा चित्रपट महत्त्वाचा मानतो. एका शतकातला बदल त्यात सामावला आहे. शंभूला माती टाकायला लावणारा दुसरा कोणी होता. सखाला आता स्वतःवरच पहारा करायचा आहे.

'मुळशी पॅटर्न' : जमेची बाजू आणि खर्चाची बाजू

हा चित्रपट आमच्याकडे नुसता पाहिला गेला नाही, तो ओळखला गेला. हिंजवडी आमच्याच तालुक्यातली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे संगणक कंपन्या येऊ लागल्या आणि भाताच्या खाचरांचा भाव गुंठ्यावर आला. वरसगावच्या पाण्याकाठी लवासा उभे राहिले. भूगाव-पिरंगुटच्या डोंगरउतारांवर बंगल्यांच्या योजना चढल्या. एकराने मोजणारे लोक गुंठ्याने मोजू लागले आणि 'गुंठामंत्री' हा शब्द रुजला. तो विनोदी आहे, पण त्यातली चीड विकणाऱ्यावर आहे, विकत घेणाऱ्यावर नाही. तरड्यांचा चित्रपट या शब्दाच्या मागची गोष्ट सांगतो. बाप मार्केट यार्डात हमाली करतो आणि मुलगा, ओम भुतकरचा राहुल, त्याच शहरात गुंड होतो. बापाचा अपमान मुलाच्या हातात शस्त्र देतो हा कार्यकारणभाव चित्रपट ठामपणे मांडतो. मोहन जोशींनी सखा फार सांभाळून केला आहे. त्याच्या खांद्यांचा वाक पाहिला तर संवादांची गरज पडत नाही.

पण कौतुक करताना हिशेबाची दुसरी बाजू झाकायची नाही. गुन्हेगारीपटाला एक जुना शाप आहे. ज्या झगमगाटाने मुलगा बिघडला तो दाखवावा लागतो, आणि दाखवताना कॅमेरा त्याच्याच प्रेमात पडतो. गाड्यांचे ताफे, गळ्यातले सोने, मंद गतीत चालणारी टोळी, ढोलांच्या ठेक्यावरचे गाणे. हे गाणे पुढे वरातींत वाजू लागले. सखाची हमाली कोणाच्या वरातीत आली नाही. प्रेक्षकांनी चित्रपटाचा चुकीचा अर्थ घेतला असे म्हणून दिग्दर्शकाला सोडता येणार नाही. चित्रपटाने ज्या दृश्यांना वेळ, संगीत आणि उजेड दिला तीच लोकांनी घरी नेली.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. चित्रपटाचा बोध आहे, 'जमीन विकू नका.' बोध खरा आहे, पण तो ज्यांच्याकडे विकायला जमीन होती त्यांच्यापुरता. मार्केट यार्डात सखाच्या आजूबाजूला दुसरे हमाल आहेत. सखाने पोते उचलले की आपल्याला गलबलते, कारण हा एके काळचा पाटील. शेजारच्या हमालाने तेच पोते उचलले तर आपल्याला काही वाटत नाही. तो हमालच असतो. त्याच्यामागे फेरफार नाही, म्हणून गोष्ट नाही. आपली करुणा अशी सातबारा तपासून वाहते. २०२१ मध्ये महेश मांजरेकरांनी याच कथेवर 'अंतिम' हा हिंदी चित्रपट केला. त्यात पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत सलमान खान आला आणि जमिनीचा मूळ प्रश्न आणखी मागे सरकला.

हक्कसोडपत्रावरची सही

मुळशीतल्या प्रत्येक मोठ्या व्यवहारात एक दिवस बहिणींना बोलावण्याचा असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क दिला. म्हणून त्यांची सही लागते. साडीचोळी होते, जेवण होते, हक्कसोडपत्रावर सही होते आणि माहेर शाबूत राहते. 'मुळशी पॅटर्न'मध्ये बाप-लेकाचे दुःख मोठे आहे. हा दिवस त्यात नाही.

मराठी पडद्यावर तो वेगळ्या वेषात अनेकदा आला आहे. 'संत तुकाराम' (१९३६) हा भक्तिपट म्हणून पाहिला जातो. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम थोरच. पण दर वेळी पाहताना माझे लक्ष गौरीच्या जिजाईकडे जाते. म्हैस, चूल, आजारी पोर, रिकामे डबे हे सगळे तिच्या अंगावर. नवरा आलेले वाटून टाकतो तेव्हा त्याचे वैराग्य तिच्या स्वयंपाकघरातून वजा होते. ती देवाशी भांडते आणि चित्रपट तिला पापी ठरवत नाही. विमान आकाशात जाते तेव्हा ती जमिनीवरच असते. चमत्कारांच्या या चित्रपटात कॅमेऱ्याने एका बाईचे रोजचे काम इतक्या आदराने पाहिले आहे की पुढच्या काळातल्या पुष्कळ वास्तववादी म्हणवणाऱ्या चित्रपटांना ते जमलेले नाही.

पुढच्याच वर्षी आलेल्या शांतारामांच्या 'कुंकू'त शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या वकिलाच्या घरात फसवून आणली जाते. घर तिचे नाही, आणि ते आपले मानायला ती नकार देते. या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घड्याळ, पावले, भांडी यांचेच आवाज. त्यामुळे ते घर आपल्याला कानांनी कोंडते. १९८२ च्या 'उंबरठा'त सुलभा महाजनचे घर सुखवस्तू, सुसंस्कृत आहे. तिथे कोणी फसवणारा नाही. जब्बार पटेलांचा हा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर आधारलेला. कादंबरीचे नाव परिणाम सांगते, चित्रपटाचे नाव ती रेषा दाखवते जिथे तो ठरतो. महिलाश्रमातून परतलेल्या सुलभेला घरात जागा आहे, पण अटींसह. स्मिता पाटील त्या अटी ऐकतानाचा चेहरा फारसा हलवत नाही आणि आपल्याला कळते, ही पुन्हा निघणार.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची (२०१६) आर्ची या मालिकेत मला सगळ्यात शिकवणारी वाटते. पाटलाची पोर ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, मुलांना दम देते. पूर्वार्धात वाटते की ही रानाची मालकीण आहे. हैदराबादच्या झोपडपट्टीत ती भेदरून बसते तेव्हा कळते की तो सगळा रुबाब बापाच्या सातबाऱ्यावरचा होता. तिने पर्श्याचा हात धरला आणि तो कमी झाला. मग कारखान्यातल्या कामावर, भाड्याच्या खोलीत, ती स्वतःच्या बळावर दुसरे काही उभे करते. तिचे भाऊबंद मारतात ते ती दारात रांगोळी काढून स्थिरावलेली असताना. प्रेमकथेच्या नावाखाली मंजुळ्यांनी वारसाहक्काचा चित्रपट केला आहे. पूर्वार्धातल्या गाण्यांवर नाचलेल्या प्रेक्षकाला शेवटी ते निःशब्द करतात. 'मुळशी पॅटर्न'च्या गाण्याने जे साधले नाही ते इथे साधते, कारण इथे गाण्यांतला आनंदच शेवटी आपल्याकडून वसूल केला जातो.

विनोदपटातले भाडेकरू

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या लेखात का, असे कोणाला वाटेल. पण त्याचा विषय काय आहे? पुण्यात राहायला जागा न मिळणे. चार तरुण, एक खाष्ट घरमालक, मग दुसरी मालकीण लीलाबाई काळभोर, आणि अट अशी की बिऱ्हाड जोडप्यांचेच हवे. म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटाची. तिथेही नावातच मकान आहे. सचिनचे दिग्दर्शन, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची वेळ साधण्याची हुकमत यांमुळे आपण इतके हसतो की कारण विसरतो. कारण असे की शहरात जागेसाठी माणसाला स्वतःचे नाव, नाते, प्रसंगी लिंगसुद्धा बदलून सांगावे लागते. आज पुण्यात जात, धर्म, मांसाहार, एकटेपण यांपैकी काही तरी झाकून खोली मिळवणारे तरुण हा चित्रपट वेगळ्या हसण्याने पाहत असतील.

या चित्रपटातली माणसे 'इतर अधिकार' रकान्यातली आहेत. ती मालक नाहीत, पण त्यांची काही तरी नोंद आहे, आणि शेवटी त्यांना क्षमा मिळते. लबाडी उघडी पडल्यावर क्षमा मिळण्याइतके ते आपले आहेत. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यासाठी विनोदपट पुरा पडत नाही.

ज्यांची नोंद नाही

'सामना'त (पटकथा विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल) साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील आणि गावात भरकटत आलेले मास्तर यांची झुंज आहे. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर बसतात तेव्हा मराठी पडद्यावर याहून चांगले काही घडले नाही असे मी म्हणेन. पण चित्रपटाला चालवतो तो तिसराच माणूस. मारुती कांबळे नाहीसा झाला आहे आणि त्याचे पुढे काय झाले एवढेच मास्तर विचारत राहतात. गावाचा विकास दिसतो, कारखाना दिसतो, रस्ते दिसतात. एक माणूस तेवढा दिसत नाही. तेंडुलकरांनी नोंद नसलेल्या माणसाची अनुपस्थितीच चित्रपटाचा कणा केली.

'जैत रे जैत' (१९७७) मध्ये गो. नी. दांडेकरांचा ठाकरवाडा आहे. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि ना. धों. महानोरांचे शब्द यांमुळे तो गाण्यांसाठी आठवला जातो. मला त्यातला लिंगोबाचा डोंगर आठवतो. नाग्याला राणीमाशी पाहायची आहे. तिच्याशी त्याचे वैर आहे, भक्ती आहे. डोंगर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न त्या जगात उद्भवतच नाही. मोहन आगाशेंचा नाग्या आणि स्मिता पाटीलची चिंधी त्या कड्यावर मालकीने नव्हे, वावराने हक्क सांगतात. आमच्या तालुक्यात कातकरी वाड्या आहेत. मासेमारी, मजुरी, वीटभट्टीचा हंगाम यांवर जगणारे हे लोक. डोंगर विकला गेला तेव्हा त्यांची सही कोणी मागितली नाही, कारण सहीची जागाच नव्हती. 'जैत रे जैत' पाहताना मला हा कायद्याचा मुद्दा कळतो, आणि तो चित्रपट तर एक गाणेच आहे.

मग 'फँड्री'. गावाच्या कडेला घर, गावाच्या हुकमावर डुकरे पकडायची. जब्याचे वडील कचरू, किशोर कदमांनी केलेले, एका दृश्यात डुकराच्या मागे धावता धावता थांबतात, कारण शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. देशाची नोंद त्यांच्याकडे आहे. त्यांची नोंद गावाकडे नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्याकडे येतो. सखाला पाहून आपण रडतो आणि हलके होऊन बाहेर पडतो. जब्या आपल्याला रडण्याची सवलत देत नाही, कारण त्याचे दुःख पाहायला जमलेल्या गावकऱ्यांत आपणही बसलो आहोत.

निवाडा

मग 'मुळशी पॅटर्न' माझ्या यादीतून गळतो का? नाही. तो आमचा आहे आणि त्याने एक खरी गोष्ट मोठ्याने सांगितली. पण तालुक्याची गोष्ट एवढीच असे कोणी धरून चालले तर १९२१ ते १९२४ मधला जुना अन्याय आपण पुन्हा करू. तेव्हाही मोबदल्याची चर्चा नाव असलेल्यांची झाली आणि खोरे कसणाऱ्यांचे बुडाले.

समीक्षक म्हणून माझी मागणी साधी आहे. चित्रपटाला प्रकाराप्रमाणे भक्तिपट, विनोदपट, गुन्हेगारीपट म्हणा. दुकानात डबे लावायला ती नावे बरी. पाहताना मात्र चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. जिजाई, मारुती कांबळे, चिंधी, कचरू यांना मध्यभागी यायला दिग्दर्शकाची नजर लागली. सखाशेजारच्या त्या हमालावर, बहिणीच्या सहीवर, कातकरी वाडीवर कॅमेरा स्थिरावेल असा मुळशीचा चित्रपट अजून व्हायचा आहे. तो इथल्याच कोणी तरी करावा. कागद वाचायला आपल्याला शिकवावे लागत नाही. कागदावर नसलेले वाचायला शिकायचे आहे.